खालांचा काळा हौद

बिडकीनच्या अलीकडे मोठ्या रस्त्यावरून आत वळलं की शेवटून दुसरं घर खालांचं. खाला म्हणजे मावशी, पण त्या माझ्या नात्याच्या नाहीत. पैठण रस्त्यालगतच्या बोअरचं पाणी गोळा करत मी जानेवारीतल्या एका दुपारी हिंडत होते. बारा बाटल्या भरून झाल्या होत्या आणि तेराव्या दारावर थाप मारायचं धाडस होत नव्हतं. फाटकाबाहेर उभी राहून मी फोनमध्ये काहीतरी बघत असल्याचं नाटक करत होते. आतून आवाज आला, "कोन हाय गं? उन्हात वाळत घातलंय का तुला कुनी?"

मी आत गेले. साठीच्या आसपासची, ठेंगणी बाई ओट्यावर लसूण सोलत बसली होती. मी म्हणाले, विद्यापीठातून आले आहे, बोअरचं पाणी हवं आहे.

"प्यायला?"

"नाही. तपासायला."

"आधी पी. मग तपास." आणि आत बघून, "अगे, पानी ला. कालिज की मॅडम आई है."

सून पाणी घेऊन आली. माझ्याच वयाची असेल. पाणी थंड होतं आणि त्याला लोखंडाची चव अजिबात नव्हती. त्या पट्ट्यातल्या आधीच्या बारा बाटल्यांना झाकण उघडलं की गंजका वास येत होता. म्हणून मी विचारलं, बोअर कुठे आहे. खालांनी बोटानं मागचं अंगण दाखवलं.

तिथं तो हौद होता. खरं तर दोन होते, एकावर एक. बोअरचं पाणी पाइपातून वरच्या दगडी हौदात पडायचं. त्यात गुडघाभर खडे आणि वाळू. त्यातून झिरपून ते खालच्या हौदात उतरायचं आणि तिथून तोटीला. खालांचे सासरे गवंडी होते, त्यांनी तो बांधला होता. वरच्या हौदावर पत्रा होता. तो सरकवून मी आत पाहिलं तर दगड, खडे, पाइपाचं तोंड, सगळं काळं. काजळ खललेल्या वाटीसारखं काळं आणि थोडं मऊ. मी बोट फिरवलं. बोट काळं झालं आणि दोन दिवस तसंच राहिलं.

"सासऱ्यानं बांधला तवा पांढरा होता म्हनतात," खाला म्हणाल्या. "मी आले तवापासून असाच. किती घासा, आपला रंग सोडत नाय. मंग मी बी सोडलं."

मला तो रंग ओळखीचा होता, फोटोंतून. पाण्यात विरघळलेलं मँगनीज दिसत नाही. काही बॅक्टेरिया त्याचा ऑक्सिजनशी संयोग घडवतात, मग ते पाण्यात राहू शकत नाही, काळं खनिज होऊन बसतं. बसतं ते त्या जिवांच्याच अंगाभोवती. हे का करतात, त्यांना यातून काय मिळतं, यावर अजून भांडणं चालू आहेत. मी वर्षभर असा थर शोधत होते. लॅबमध्ये वाढवलेला नव्हे, कुणाच्या तरी घरी आपोआप झालेला. आणि तो मला पाणी प्यायला बोलावणाऱ्या बाईच्या अंगणात सापडला.

त्या दिवशी मी काही म्हणाले नाही. फक्त प्लॅस्टिकच्या चमच्यानं थोडा थर खरवडून ट्यूबमध्ये भरला, बर्फाच्या डब्यात ठेवला आणि विचारलं, "मी परत आले तर चालेल?"

"तुझंच घर हाय," खाला म्हणाल्या. "पन हे कशाला नेती?"

"एक्स-रे काढायचाय याचा."

"दगडाचा?" त्या सुनेकडे वळल्या. "सुन री, पत्थर का एक्सरे निकालते बोलती. कुठं मोडलाय तो?"

सून हसली. मीही हसले, आणि ते हसणं मला सोयीचं वाटलं, कारण त्यानंतर समजावून सांगायची गरज उरली नाही.

हे सोयीचं वाटणं माझं जुनं आहे. मी इंग्रजी शाळेत शिकले. घरात मराठी होती, पण जेवण, नातेवाईक, ताप, भाजी यांच्यापुरती. पाणी, दगड, जीव यांच्याबद्दल मला जे काही नेमकं माहीत आहे ते सगळं इंग्रजीत आहे, आणि अनोळखी माणसासमोर ते मराठीत आणायचं म्हटलं की मला घाम फुटतो. चुकेल, हसतील, शिष्ट समजतील. मग मी मान हलवते. माझ्या पीएचडीच्या गाईड सरांनी मला या सवयीला एक चांगलं कारणही दिलं होतं. "निकाल हातात येईपर्यंत लोकांना काही सांगू नकोस," ते म्हणाले होते. "पाण्याची अफवा फार लवकर पसरते." मी ते कारण अंगावर शालीसारखं घेतलं.

पुढचे तीन महिने मी दर पंधरवड्याला जात होते. शहरातून बसनं, मग शेअर रिक्षा. वाटेत औद्योगिक वसाहतीसाठी सपाट केलेली जमीन, त्यावर एकेक पाटी. खालांचा मुलगा चितेगावच्या एका कंपनीत पाळीवर असायचा, मला तो एकदाच दिसला, झोपलेला. घरात त्या दोघीच. मी गेले की खिचडी-खट्टा, म्हणजे खिचडी आणि चिंचेचं आंबट सार, समोर यायचा. खाला बोलायच्या, मी ऐकायचे. सुनेला तेव्हा दिवस गेले होते. माहेरी आई नव्हती, म्हणून बाळंतपण इथंच होणार होतं. एकदा ती तोटीखाली तांब्या धरून म्हणाली, "डॉक्टर म्हनले, पानी लई पीत जा. पोट आधीच हंड्यावानी झालंय, त्यात आनखी कुठं ओतू, दीदी?"

मी हसले. त्या तोटीचं पाणी मी प्रत्येक फेरीत बाटलीत भरायचे, बोअरचंही भरायचे. दोन्ही बाटल्यांवर तारीख लिहून लॅबच्या फ्रिजमध्ये ठेवायचे. तपासणीच्या यंत्राला रांग होती आणि माझा जीव त्या पाण्यात नव्हता, काळ्या थरात होता. पाणी नंतर पाहू, असं मी ठरवलं होतं. हे वाक्य लिहायला मला बराच वेळ लागला.

एप्रिलमध्ये मला एक्स-रे मायक्रोस्कोपवर चार दिवस मिळाले. परराज्यात एक मोठं केंद्र आहे. तिथं इलेक्ट्रॉन एका प्रचंड गोल वाटेनं पळवतात आणि वळणावर त्यांच्यातून जे एक्स-रे बाहेर पडतात ते वापरायला देशभरातून माणसं जातात. अर्ज करून वर्ष उलटल्यावर माझा नंबर लागला होता. नमुना ताजा लागणार होता. सुकलेला नको, त्यातले जीव जसे राहतात तसे ओलेच हवेत, निघायच्या दोन दिवस आधी घेतलेले. सर म्हणाले, या वेळी मीही येतो, जागेचे फोटो हवेत.

मी खालांना फोन केला. फोनवर बोलणं मला समोर बोलण्याहून कठीण जातं, म्हणून आधी कागदावर लिहून घेतलं होतं. "परवा येते. सर पण येणार आहेत. या वेळी जास्त लागेल. हौदाचे फोटो काढायचेत."

"साहेब येनार?" खाला म्हणाल्या. आवाज जरा बदलला होता. "बरं. बरं, या."

माझ्या कागदावर एवढंच होतं. मी फोन ठेवला.

मला जे माहीत नव्हतं ते हे. गल्लीत बोललं जात होतं की शहरातली एक मुलगी त्यांच्या घरची घाण डब्यात भरून नेते आणि तिकडं दाखवते. एका शेजारणीनं सुनेला तोंडावर विचारलं होतं, "तुमच्या हौदात असं काय हाय गं, सरकार न्यायला येतं?" आता साहेब येणार, तेही फोटो काढायला. पाहुणा यायच्या आधी घर जसं साफ करतात तसं त्या दोघींनी मागचं अंगण काढलं. आठवा महिना संपत आलेली ती मुलगी हौदात उतरली. फरशीचं ॲसिड, तारेचा ब्रश, विटेचा तुकडा. खडे आणि वाळू घमेल्यानं उपसून, ॲसिडनं धुऊन, पोत्यावर उन्हात वाळत घातले आणि परत भरले. हौदाला बाहेरून चुना मारला. दोन दिवस हे चाललं होतं. मी त्याच दोन दिवसांत माझ्या बॅगेत काय काय घ्यायचं याची यादी करत होते.

आम्ही पोहोचलो तेव्हा फाटकापर्यंत ॲसिडचा वास येत होता. खालांनी डोक्यावरचा पदर नीट केला आणि आम्हांला थेट मागं नेलं. पत्रा आधीच काढून ठेवलेला होता. आत दगड राखाडी होते. खडे बाजारातून आणल्यासारखे स्वच्छ. पाइपातून पाणी पडत होतं आणि तळ दिसत होता.

"बघा साहेब," खाला म्हणाल्या, "आता काय नेनार तुमची मॅडम? एक्सरे काढा का फोटू काढा, एक डाग सापडायचा नाय."

सून भिंतीला टेकून उभी होती. हातात तो ब्रश अजून होता, तारा वाकड्या झालेल्या. बोटांच्या टोकांची कातडी पांढरी पडून सोलली होती. ती माझ्याकडे बघत होती, परीक्षेचा पेपर तपासून होण्याची वाट बघावी तशी.

सरांनी माझ्याकडे पाहिलं.

मी म्हणाले, "छान दिसतंय."

तिचा चेहरा उजळला. मला ते आजही दिसतं.

सरांनी दोन-तीन फोटो काढले, कशाचे कोण जाणे. खिचडी-खट्टा खाल्ला. सर खालांच्या आजेसासऱ्यांबद्दल, निजामाच्या काळाबद्दल बोलत राहिले, त्यांना असं बोलता येतं. मी हात धुवायचं निमित्त करून मागं आले आणि पाइपाच्या तोंडाखाली, जिथं ब्रश वळत नाही, तिथं बोटानं चाचपलं. नखाएवढा काळा पट्टा उरला होता. तो मी ट्यूबमध्ये घेतला. मग सवयीनं दोन बाटल्या भरल्या, एक बोअरची, एक तोटीची.

परतताना गाडीत सर चितेगाव मागं पडल्यावर म्हणाले, "त्यांना तू काय सांगितलं होतंस?"

"काहीच नाही."

"काहीच नाही?"

तुम्हीच म्हणाला होतात, हे ओठांवर आलं होतं. पण ते पूर्ण खरं नव्हतं. त्यांनी पाण्याबद्दल बोलू नको म्हटलं होतं. "हे घासू नका, मला हवंय," एवढं सांगायला कुणाची मनाई नव्हती आणि त्यासाठी इंग्रजीही लागत नव्हतं.

नखाएवढ्या पट्ट्यावर चार दिवस गेले. नमुन्याचा एक थेंब दोन खिडक्यांच्या मध्ये ठेवायचा असतो. खिडक्या म्हणजे बोटाच्या पेराएवढ्या चौकटीतले इतके पातळ पडदे की फुंकर लागली तरी फुटतात. माझे तीन फुटले. चौथा टिकला. मग एक्स-रेचा अतिशय बारीक ठिपका नमुन्यावरून ओळीनं फिरतो, आणि पडद्यावर चित्र वरून खाली विणत येतं. एकच जागा वेगवेगळ्या ऊर्जेच्या किरणांनी पाहायची. विरघळलेलं मँगनीज एका ऊर्जेला किरण अडवतं, काळं झालेलं दुसऱ्या. त्या फरकावरून कळतं की कुठं नुसता जीव आहे, कुठं खनिज, आणि खनिज कितपत पक्कं. फार वेळ एकाच जागी बघायचं नाही. किरणांच्या माऱ्यानं खनिज बदलायला लागतं, मग आपण जे मोजतो ते आपणच केलेलं असतं. झटकन बघायचं, पुढं सरकायचं.

चित्र सुंदर होतं. हे मला नाकारता येत नाही. तांदळाच्या दाण्यासारखे जीव, प्रत्येकाभोवती सुरकुतलेली साय, आणि ती साय म्हणजे ते खनिज. काहींच्या आत काही नव्हतं. ते मरून गेले होते आणि त्यांच्या आकाराचं टरफल उरलं होतं. शेजारच्या खुर्चीवरच्या तिथल्या शास्त्रज्ञ बाई म्हणाल्या, इतका स्वच्छ नैसर्गिक नमुना त्यांनी कमी वेळा पाहिलाय. कुठला आहे? मी म्हणाले, एका घरचा.

तिसऱ्या दिवशी दुपारी कँटीनमध्ये जेवत असताना लॅबमधल्या मैत्रिणीचा मेल आला. यंत्राची रांग संपली होती आणि माझ्या सगळ्या बाटल्या तिनं एकदम लावल्या होत्या. मी तक्ता उघडला. जानेवारीपासून बोअरच्या पाण्यात मँगनीज भरपूर होतं, प्यायला नको इतकं. तोटीच्या पाण्यात प्रत्येक वेळी जवळजवळ नाहीच. शेवटच्या ओळीत, हौद घासल्यानंतरच्या बाटल्यांत, बोअर आणि तोटी दोन्हीकडे सारखंच.

मी ताट तसंच ठेवून बाहेर आले. हे मला माहीत असायला हवं होतं. पुस्तकात आहे. काही ठिकाणी पाणी शुद्ध करायला अशी काळी झालेली वाळू मुद्दाम वापरतात. येणारं मँगनीज ते जीव आणि त्यांचं खनिज धरून ठेवतात, म्हणून खाली पाणी स्वच्छ उतरतं. तो थर मी तीन महिने खरवडून नेत होते आणि तो काय काम करतोय याकडे पाहिलं नव्हतं. गवंडी सासऱ्यांच्या हौदानं कित्येक वर्षं त्या घराचं पाणी गाळलं होतं. आता ते पाणी दिसायला तसंच होतं, आणि ती मुलगी डॉक्टरांनी सांगितलंय म्हणून ते तांब्या-तांब्यानं पीत होती.

खरं म्हणजे तिथूनच फोन करायला हवा होता. मी खालांचा नंबर काढला आणि बंद केला. संध्याकाळी सरांना कळवलं. ते म्हणाले, एका बाटलीवरून घरच्या माणसांना घाबरवू नकोस, ती गरोदर आहे, आल्यावर परत नमुना घे, खात्री कर, मग आपण दोघं जाऊन सांगू. त्यांचं म्हणणं चूक नव्हतं. मी परत आले तेव्हा यंत्र बिघडलं होतं. मग सर एका परिषदेला गेले. मग सुट्ट्या लागल्या. मी रोज सकाळी ठरवायचे की आज फोन करायचा, आणि रोज दुपारपर्यंत माझ्याकडे न करण्याचं एखादं शहाणं कारण असायचं. आई म्हणाली, "तुझं जेवणात लक्ष नाही." मी म्हणाले, काम आहे. पाच आठवडे असे गेले.

शेवटी मी एकटीच गेले, खात्री न करता. मे संपत आला होता.

ओट्यावर झोळी बांधलेली होती. खाला मला बघून उठल्या. "आलीस? किती दिवस झाले! पोरगी झाली बघ. धा दिसाची हाय. साहेबाला पन सांग." त्यांनी माझ्या हातात साखरेचे चार दाणे ठेवले. मी ते तोंडात टाकले. सून आतून हळूहळू चालत आली, वाळलेली, पण हसत. झोळीशेजारी दुधाच्या पावडरचा डबा आणि दोन बाटल्या होत्या.

"दूधच उतरंना हिला," खाला म्हणाल्या. "डॉक्टरनं डबा लिहून दिला. पानी मात्र मी सोता उकळते. चांगलं खळखळ उकळून, गार करून, मंगच देते. आपल्या हौदाचंच. कसं काचेवानी झालंय आता, बघितलं का?"

"उकळून ते जात नाही," मी म्हणाले.

"काय जात नाय?"

मग मला सगळं सांगावं लागलं. उभ्यानंच सांगितलं. माझं मराठी अडखळत होतं, मध्ये इंग्रजी शब्द येत होते, मी ते गिळून पुन्हा सुरुवात करत होते. म्हणाले, बोअरच्या पाण्यात एक धातू आहे, तो दिसत नाही. थोडा शरीराला लागतो, पण इतका नको, तान्ह्या बाळाला तर नकोच. हौदातलं काळं म्हणजे घाण नव्हती, खाला. बारीक जीव होते. ते तो धातू पाण्यातून काढून स्वतःच्या अंगाभोवती गोळा करत होते, म्हणून हौद काळा आणि पाणी चांगलं होतं. आता ते नाहीत. पाणी स्वच्छ दिसतंय, पण तो धातू त्यात आहे. थोड्या दिवसांत काही होतंच असं नाही. पण आजपासून हे नका देऊ. गल्लीच्या तोंडाशी नळ योजनेचं पाणी येतं, ते मी तपासलंय, ते घ्या.

"ते तर गढूळ असतं," खाला म्हणाल्या.

"गाळून, उकळून घ्या. पण तेच घ्या."

खालांनी दुधाची बाटली उचलली आणि अंगणात रिकामी केली. दूध मातीत जाऊन एक पांढरा डाग राहिला. बाळ झोपलेलं होतं.

सुनेनं विचारलं, "तुमाला कधी कळलं?"

"पाच आठवडे झाले."

ती मोजत होती. मला दिसत होतं की ती मोजते आहे, नववा महिना, कळा, हे दहा दिवस. मग ती म्हणाली, "आनि काळं कामाचं हाय, हे कधी कळलं?"

"कामाचं म्हणजे माझ्यासाठी... मला पहिल्यापासून ते हवं होतं. पाण्याचं नंतर कळलं."

"मी ब्रश घेऊन उभी होते," ती म्हणाली. आवाज चढला नाही. "तुमी म्हनला, छान दिसतंय. मला वाटलं, एवढी शिकलेली बाई म्हनती तर छानच आसंल."

खालांनी तिला "जाऊ दे" म्हटलं नाही. मी त्याची वाट बघत होते, हे मला नंतर लक्षात आलं. त्या झोळीची दोरी धरून बसल्या होत्या आणि माझ्याकडे बघत नव्हत्या. मग त्यांनी विचारलं, "परत व्हईल का तो काळा?"

"होईल. बोअरच्या पाण्यातही ते जीव थोडे असतात. पण वेळ लागेल. किती ते सांगता येत नाही."

लॅबच्या फ्रिजमध्ये मार्चच्या फेरीतली एक मोठी ट्यूब शिल्लक होती. पावसाळ्यानंतर मला पुन्हा दोन दिवसांची वेळ मिळणार होती, आणि ताजा थर आता मिळणार नसल्यानं सरांनी ती जुनी ट्यूबच त्यासाठी जपून ठेवायला सांगितलं होतं. पुढच्या आठवड्यात मी ती घेऊन बिडकीनला गेले आणि वरच्या हौदात, पाइपाखालच्या खड्यांवर ओतली. काळ्या पाण्याचा एक ओघळ खड्यांत शिरला आणि दिसेनासा झाला. खाला दारातून बघत होत्या. इतके दिवस फ्रिजमध्ये राहून त्यातलं किती जिवंत होतं मला माहीत नाही. सरांना मी सांगितलं की ट्यूब संपली. पुढच्या वेळेचे दोन दिवस मी सोडून दिले. शोधनिबंध चार चित्रांऐवजी दोन चित्रांवर निघाला. शेवटी आभारात एक ओळ आहे, नमुना देणाऱ्या कुटुंबाची. त्यात त्यांचं नाव नाही, नियमच तसा आहे.

त्यानंतर मी दर महिन्याला दोन बाटल्या भरायला जात राहिले. पावसाळ्यात खडे तपकिरी झाले. दिवाळीच्या सुमारास पाइपाखाली पहिला काळा ठिपका दिसला आणि मी मूर्खासारखी त्याचा फोटो काढला. तोटीच्या पाण्यातलं मँगनीज हळूहळू उतरत होतं. प्रत्येक वेळी मी निकाल कागदावर मराठीत लिहून नेऊन द्यायचे आणि वाचून दाखवायचे. खाला ऐकून घ्यायच्या. चहा यायचा. खिचडी-खट्टा पुन्हा आला नाही, आणि मीही जेवायच्या वेळेला जायचं टाळत होते. बाळ रांगायला लागलं, मग धरून उभं राहायला. डॉक्टर म्हणतात ठीक आहे. सून मला दर खेपेला एकदाच विचारायची, "तिला काय झालं तर नाय ना त्यानं?" आणि मी दर खेपेला सांगायचे की बहुतेक नाही, पण मला नक्की सांगता येणार नाही. ती मान हलवायची. हे उत्तर तिला आवडत नव्हतं, पण ते ती ऐकून घ्यायची.

गेल्या फेब्रुवारीत सलग तिसरा निकाल चांगला आला. हौद पुन्हा काळा झाला होता. पूर्वीइतका नाही, पण बोट फिरवलं तर बोट काळं होण्याइतका. मी कागद वाचून दाखवला आणि म्हणाले, "आता हे पाणी चालेल. बाळालाही चालेल."

खालांनी अल्लाचं नाव घेतलं. सून तोटीकडे गेली, एक ग्लास भरला आणि माझ्यासमोर धरला.

"आधी तुमी प्या."

मी प्यायले. पूर्ण ग्लास, तिच्या डोळ्यांसमोर. पाणी थंड होतं आणि त्याला कसलीच चव नव्हती, पहिल्या दुपारसारखं. ती बघत होती. तिच्या पायाला धरून बाळ उभं होतं आणि ग्लासाकडे हात करत होतं.

तिनं ग्लास माझ्या हातातून घेतला, धुतला आणि ओट्यावर पालथा घातला. मग बाळाला कडेवर घेऊन, रिकामा हंडा उचलून, ती गल्लीच्या तोंडाशी नळाकडे गेली.